पुराच्या हकीकतीतलं एक वाक्य

ता. ४ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. महिनाभर वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं असताना तू चौथ्याच दिवशी औषधाच्या खोक्यावरची छपाईची चूक त्यांना दाखवलीस, आणि हे वर अभिमानाने कार्डावर लिहिलंस. तुझ्यापुढे हात टेकले. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. शेजारच्या बाईंकडून वाचून घे.

माझं बरं चाललं आहे. खोली तीच. खालच्या चष्मेवाल्याचं काचा घासायचं मशीन सकाळी दहाला सुरू होतं, मग मी ग्रंथालयात पळते. तिथलं माझं टेबल एका पायाने लंगडं आहे, त्याखाली मी माझ्याच प्रबंधाचं जुनं प्रकरण घडी करून घातलं आहे. त्या प्रकरणाचा एवढा तरी उपयोग झाला.

पाच वर्षं मी नेमकं काय करते आहे ते चार लोकांत सांगता येईल अशा एका वाक्यात लिही, असं तू म्हटलं होतंस. तर वाक्य असं: हिब्रू धर्मग्रंथातली पहिली पाच पुस्तकं कोणी, कधी आणि कशी रचली हे अभ्यासक कशावरून ठरवतात, ते मी तपासते. महापुराचीच गोष्ट घे. एक सज्जन म्हातारा तारू बांधतो, घरच्यांना आणि जनावरांना आत घेतो, बाकी सगळं बुडतं. सरळ गोष्ट वाटते. पण सावकाश वाचलं की एका जागी प्रत्येक जनावराची एकेक जोडी घे असं सांगितलेलं दिसतं, आणि थोडं पुढे काही जनावरांच्या सात-सात जोड्या. एकीकडे पाऊस चाळीस दिवस, दुसरीकडे पाणी दीडशे दिवस हलत नाही. म्हातारा कुटुंबासह तारवात शिरतो आणि पाच-सहा ओळींनी पुन्हा शिरतो. देवाला एका ओळीत त्याच्या चार अक्षरांच्या खास नावाने संबोधलंय, तर पुढच्या ओळीत नुसतं देव म्हटलंय. यावरून अभ्यासक म्हणतात की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कोणीतरी त्या वेणीसारख्या गुंफल्या. मी एक गोष्ट लाल पेन्सिलीने रंगवते, दुसरी निळ्या.

हे काम अडीचशे वर्षं चालू आहे आणि एकमत नाही. काही म्हणतात पुरत्या लिहिलेल्या पोथ्या होत्या, त्या एकत्र केल्या. काही म्हणतात सुटे तुकडेच होते. काही म्हणतात मूळ एकच होतं, आणि प्रत्येक पिढीने त्यात आपली भर घातली. परिषदेत ही मंडळी एकमेकांना पाण्यात पाहतात, आणि विषय महापुराचा असल्यामुळे ते शोभूनही दिसतं. माझं आत्ताचं प्रकरण गुंफणाऱ्यावर आहे. तो निष्काळजी होता, विसंगती त्याच्या लक्षातच आल्या नाहीत, असं मी लिहिलं आहे. ऑगस्टअखेर ते मार्गदर्शक बाईंच्या हातात पडायला हवं.

आता मागणी. मी जन्मले त्या वर्षी नदी आपल्या छापखान्यात शिरली. पुढे आजोबांच्या सांगण्यावरून काकांनी आणि बाबांनी मिळून पुराची हकीकत लिहिली आणि तू तिची स्वच्छ प्रत केलीस, एवढं मला माहीत आहे. ती अकरा पानं मला पाठवशील का? बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांनी मला कधी एक ओळ लिहिली नाही. मी वसतिगृहात होते तेव्हा पत्रं आईची यायची, आणि खाली बाबांचे आशीर्वाद, तेही आईच्याच अक्षरात. हकीकतीतलं निम्मं जरी त्यांचं असलं तरी ते वेगळं काढून मला जवळ ठेवायचं आहे. दुसऱ्यांच्या पूर्वजांचं लिखाण मी पाच वर्षं उसवते आहे, तर घरचं का नको?

कळावे. डोळ्याला जप. लोभ आहे तसाच राहू दे, थोडा वाढला तरी माझी हरकत नाही.

तुझी,
खारू


ता. १३ जुलै

चि. खारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र शेजारणीकडून वाचून घेतलं नाही. ती 'हिब्रू'पाशीच अडखळली. मग मी भिंग घेऊन बसले. तुझे चार ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहेत. कोणते ते सांगत नाही. हल्ली मी घरच्यांच्या पत्रातल्या चुका नुसत्या मोजते, दुरुस्त करत नाही. तसं का, ते पुन्हा कधीतरी सांगेन.

तुला खारू नाव मीच ठेवलं ते उगाच नाही. दोन वर्षांची असताना छापखान्यातल्या कातरणीच्या ढिगात बसायचीस आणि कागदाचे तुकडे गालात भरून घरी यायचीस. आताही तेच करतेस, फक्त तुकडे जुने आहेत.

तुझ्या विषयातलं मला ओ की ठो कळत नाही, पण गुंफणाऱ्याबद्दल मला बोलायचं आहे. मी चाळीस वर्षं प्रुफं तपासली. एकदा वनस्पतींवरचं एक शालेय पुस्तक आपल्याकडे छपाईला आलं. लेखक दोन, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. एका झाडाला एक जण एक नाव द्यायचा, दुसरा दुसरंच. मी दोघांना विचारलं की कोणतं ठेवू, तर दोघांनीही आपलंच म्हटलं. तुझे आजोबा म्हणाले की दोन्ही ठेव, पोरं दोन नावं शिकतील, कोणाचं काय बिघडतं. पुस्तक तसंच निघालं. पुढे कोणीतरी वर्तमानपत्रात लिहिलं की प्रुफं तपासणारा झोपला होता. मी झोपले नव्हते, खारू. ती दोन नावं मला पाठ होती. तेव्हा तुझ्या त्या बिचाऱ्याला निष्काळजी म्हणण्याआधी एवढा विचार कर की ज्याच्या हातात कात्री होती त्याने ती का चालवली नसेल.

हकीकत सोबत पाठवते आहे, मूळ प्रत, झेरॉक्स नव्हे. झेरॉक्सवाल्याकडे जाण्याइतकं मला अजून दिसत नाही. दादाच्या कच्च्या कागदांवरून मी ती उतरवली. कानामात्रासुद्धा बदललेला नाही. कच्चे कागद दादाकडे असतील, नाहीतर वाळवीकडे.

दादाचा विषय निघालाच आहे तर सांगते. तू काकांकडे चार वर्षांत फिरकली नाहीस. तुझा बाबा गेला तेव्हा ते येऊन दहा मिनिटं बसले आणि बसची वेळ झाली म्हणून उठले, हे तू मनात धरून बसली आहेस. दादा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला नद्यांची लांबी सांगता येते, बाकीचं फारसं सांगता येत नाही. इतकंच म्हणते आणि गप्प बसते.

वेळेवर जेव. पुस्तकं वाट पाहतात, पोट पाहत नाही. माझा जीव तुझ्यापाशी आहे, तो सांभाळून वापर.

तुझी,
आत्या


ता. २२ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट आलं त्या दिवशी मी ग्रंथालयात गेलेच नाही. चष्मेवाल्याचं मशीन दिवसभर चालू होतं आणि मला ते ऐकूच आलं नाही. दोन पेन्सिली घेऊन बसले, आणि संध्याकाळपर्यंत अकरा पानं रंगून झाली. मूळ प्रतीवर नव्हे, घाबरू नकोस, झेरॉक्सवर.

आत्या, हे तर पुस्तकातल्यासारखं निघालं. अकरा पानांत आजोबांना दोन नावं आहेत. काही परिच्छेदांत ते 'नाना' आहेत आणि काहींत 'मास्तर', आणि एकाच परिच्छेदात दोन्ही कधीच येत नाहीत. नाव बदललं की भाषाही बदलते. नानांचे परिच्छेद मऊ आहेत. पाणी दाराशी आलं तेव्हा नाना घड्याळाकडे बघून म्हणाले की आधी सगळ्यांनी चहा घ्या, हे त्यात आहे. पाण्यात उभं राहून नानांचे पाय पांढरे पडले होते आणि ते पाहून आम्हाला रडू आले, हेही. मास्तरांचे परिच्छेद म्हणजे नुसती यादी. दोन नंबरच्या मशीनची वीज तोडली. पाणी गुडघ्याएवढे. टाइपाच्या खिळ्यांनी भरलेल्या दोन केसी माळ्यावर चढवल्या. नानांच्या भागात पाणी नऊ दिवस राहतं, मास्तरांच्या भागात तीनच दिवस. नानांच्या भागात सात केसी वाचतात, मास्तरांच्या भागात दोनच. दोन लेखक, यात तिळमात्र शंका नाही.

कोण कोणता हेही उघड आहे. ती यादी काकांची. नद्यांची लांबी, पाण्याची खोली, एकूण एकच. आणि नानांचे परिच्छेद बाबांचे. ते वाचताना बाबा बोलतायत असं वाटतं. नानांची लाल वाक्यं सगळी स्वतंत्र कागदावर उतरवून टेबलावरच्या भिंतीला लावली आहेत. सकाळी उठले की आधी ती वाचते. चार वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

एकच वाक्य अडलं. तिसऱ्या दिवशी, मास्तरांच्या निळ्या भागात, मशीन पुसण्याच्या ऐन मध्ये आहे: 'आज धाकट्यास मुलगी झाली.' आधीचं वाक्य रोलर काढल्याचं, नंतरचं ते उन्हात ठेवल्याचं. मागच्या-पुढच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. अशा वाक्याला आमच्यात प्रक्षेप म्हणतात, म्हणजे मागाहून कोणीतरी आत सारलेलं. धाकटा म्हणजे बाबा, आणि स्वतःला धाकटा कोणी म्हणत नाही, तेव्हा ते बाबांचं नाही. काका असलं काही लिहिणार नाहीत. उरलीस तू. प्रत करताना माझ्या लाडापायी घातलंस ना? कबूल कर. मी त्याला कंस घालून ते मजकुरातून वगळलं आहे. माझ्या स्वतःच्या जन्माचं वाक्य मीच वगळलं म्हणजे माझा निःपक्षपातीपणा बघ.

बाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या हसल्या, आणि त्यांनी एवढंच विचारलं की नावावरून माणूस ठरवताना ते नाव कोण कुठे वापरत असे हे मी कोणाला विचारलं आहे का. मी म्हटलं, विचारते.

उत्तर लवकर पाठव. माझ्यावरची माया पातळ करू नकोस, प्रक्षेप घातला असलास तरी मला तू तेवढीच हवी आहेस.

तुझी,
खारू


ता. १ ऑगस्ट

चि. खारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं. भिंतीला लावलेली ती वाक्यं डोळ्यांपुढे येत होती आणि हात थांबत होता. पण तुझ्या बाई शहाण्या आहेत, त्यांनी नेमकं विचारलं. तेव्हा खरं ते सांगते.

तू रंग उलटे भरले आहेस.

तुझा बाबा चौदाव्या वर्षी शाळा सोडून मशीनवर उभा राहिला. छापखान्यात शिरलं की बाप नाही, असा तुझ्या आजोबांचा दंडक होता. सगळे कामगार त्यांना मास्तर म्हणायचे, तसंच त्यानेही म्हणायचं. त्याला ती सवय इतकी जडली की जेवताना वाढ हवी असली तरी मास्तर, भात द्या, असं म्हणायचा आणि आम्ही हसून लोळायचो. दादा शाळा-कॉलेजात गेला, मशीनला त्याने कधी हात लावला नाही. त्याच्या तोंडी ते कायम नाना राहिले. म्हणजे मास्तरांची यादी तुझ्या बाबाची आणि नानांचे पांढरे पाय दादाचे. तुला पटणार नाही, पण दादाने ते लिहिलं तेव्हा तो खरोखर रडला होता. मी पाहिलं आहे.

नऊ दिवस आणि तीन दिवसही दोन्ही खरे. घर खालच्या अंगाला होतं, तिथे पाणी नऊ दिवस राहिलं. छापखाना चढावर, तिथे तीन दिवस. जो जिथे होता त्याने तिथलं सांगितलं. केसी सात की दोन, ते मात्र मला आजही माहीत नाही. दोघंही हटेनात, म्हणून मी दोन्ही ठेवलं.

आता मागच्या पत्रात टाळलेली गोष्ट. तुझ्या बाबाने पत्रं का लिहिली नाहीत, ते मला ठाऊक आहे, कारण ते माझ्यामुळे आहे. तो विशीत असताना मशीन शिकायला दुसऱ्या गावी सहा महिने गेला होता. तिथून त्याने मला पहिलं पत्र पाठवलं, दोन पानं. मी तेव्हा नुकती प्रुफं तपासायला शिकले होते, सगळीकडे चुका दिसायच्या. मी ते पत्र लाल शाईने तपासलं, समासात खुणा केल्या, एकंदर एकोणतीस चुका असं खाली लिहिलं, आणि उत्तराबरोबर त्याला परत पाठवून दिलं. गंमत म्हणून, खारू. तो परत आला तेव्हा नुसता हसला. पण त्यानंतर त्याने कोणालाही पत्र लिहिलं नाही. लग्न ठरल्यावर तुझ्या आईलाही नाही. ते पत्र मी ठेवून घेतलं असतं तर आज तुला दिलं असतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि तुला सांगताना मला लाज वाटते आहे.

राहिलं तुझं ते वाक्य. ते मी घातलेलं नाही. दादाच्या कच्च्या कागदात होतं तसंच उतरवलं. मी लाड केले असते तर एका ओळीत आटोपले नसते. दादाला विचार. तो पत्राला उत्तर देतो, फक्त लांबलचक देत नाही.

रागावली असलीस तर रागावूनच लिही, पण लिही. माझ्यावरचा लोभ कमी करायचा असेल तर हप्त्याहप्त्याने कर.

तुझी,
आत्या


ता. ८ ऑगस्ट

ती. काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे, क्षमा असावी. तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. मी प्रबंधाच्या कामात आहे.

पुराच्या हकीकतीबद्दल विचारायचं होतं. आत्याची स्वच्छ प्रत मी वाचली. मास्तर म्हणून जे आहे ते बाबांचं आणि नाना म्हणून जे आहे ते तुमचं, असं आत्याने सांगितलं. मी उलटं समजत होते. तुमचे परिच्छेद मी भिंतीला लावले होते. ते काढलेले नाहीत, हे मुद्दाम कळवते.

तिसऱ्या दिवशी 'आज धाकट्यास मुलगी झाली' असं एक वाक्य आहे. ते आत्याने घातलेलं नाही म्हणते. मग ते तुम्ही घातलंत का? कच्चे कागद तुमच्याकडे असतील तर एकदा बघायला मिळतील का? बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं पान त्यात असलं तर मला फक्त ते पाहायचं आहे.

आपला लोभ मी गृहीत धरत आले, जपला नाही. तो अजून असेल तर असू द्यावा.

आपली,
खारू


ता. १९ ऑगस्ट

चि. खारूस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. तब्येत ठीक. गुडघे सोडून.

कागद सापडले. नकाशांच्या नळीत गुंडाळून ठेवले होते, वाळवी लागलेली नाही. सोबत सगळे पाठवतो. अठ्ठावीस पानं आहेत, मोजून घे. परत करायची गरज नाही.

आधी वाईट बातमी. त्यात तुझ्या बाबाने लिहिलेलं एकही पान नाही. सगळं अक्षर माझं आहे. नानांनी दोघांनी लिहा म्हटलं, पण तो लिहीना. तू लिही, मी सांगतो, असं म्हणाला. पाणी उतरल्यावर आठवडाभर आम्ही रोज दुपारी छापखान्याच्या पायरीवर बसायचो. माझं मी लिहायचो, मग तो सांगायचा ते लिहायचो. त्याचं बोलणं मोजकं, म्हणून त्याचा भाग तुला यादीसारखा वाटला. मी मधे काही घालून ते सजवायचा प्रयत्न केला तर तो मशीनचं चाक थांबवल्यासारखा थांबायचा आणि म्हणायचा की असं नव्हतं. मग मी खोडायचो.

आता तुझं वाक्य. सतरावं पान काढ. तिसऱ्या दिवसाचं सांगताना रोलर काढले म्हणाला, आणि लगेच म्हणाला, आज मला मुलगी झाली. मी लिहिलं. लिहून झाल्यावर शिक्षकाच्या नजरेने वाचलं आणि खोडलं. ही पुराची हकीकत आहे, छापून गिऱ्हाइकांना द्यायची आहे, यात बाळंतपण कशाला, असं मी त्याला म्हणालो. तो माझ्याशी कधी वाद घालत नसे. माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, खोडलेल्या शब्दांखाली टिंबं दिली आणि उठून मशीनकडे गेला. छापखान्यात वाढलेल्याला टिंबांचा अर्थ सांगावा लागत नाही. तुला माहीत नसला तर सांगतो. प्रुफात एखादा शब्द चुकून खोडला गेला तर त्याखाली टिंबं देतात. म्हणजे खोडलेलं रद्द, शब्द राहू दे.

मी त्या काळी आडमुठा होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोडलं. त्याने पुन्हा टिंबं दिली. तिसऱ्यांदा मी लाल शाईने खोडलं. तेव्हा त्याने पेन्सिल इतकी दाबली की कागदाला भोकं पडली. उजेडात धर, दिसतील. त्यानंतर मी नाद सोडला. वाक्य नको तिथे आलं आहे असं माझं आजही मत आहे. पण ते त्याचं आहे. मी घातलेलं नाही.

आणखी एक. मूळ शब्द 'मला' आहे. 'धाकट्यास' हे तुझ्या आत्याचं काम. प्रत करताना बाकी मजकुराला शोभावं म्हणून तिने फिरवलं असणार. कानामात्रा बदललेला नाही असं ती सांगते, सांगू दे. केसी सातच होत्या. पाच मी स्वतः चढवल्या.

तू मला विचारलंस ते बरं केलंस. तो गेला त्या दिवशी हे कागद बरोबर घेऊन आलो होतो, तुला द्यावेत म्हणून. खोलीत माणसं होती. पिशवीतून काढता आले नाहीत, म्हणून उठलो. बस एक तासाने होती.

सुट्टीत ये. पायऱ्या अठरा आहेत. माया आहे, ती नकाशात दाखवता येत नाही म्हणून नाही असं समजू नये.

तुझा,
काका


ता. २७ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यावर रागावले नव्हते, पत्राला उशीर झाला तो काकांच्या कागदांमुळे. त्यांचं पत्र सोबत जोडलं आहे, म्हणजे पुन्हा सगळं लिहायला नको. ते आधी वाच आणि मग पुढे ये.

वाचलंस? म्हणजे प्रक्षेप तूच केलास, फक्त एका शब्दाचा. माझ्या गुंफणाऱ्याच्या बाजूने एवढं भांडलीस आणि स्वतः 'मला'चं 'धाकट्यास' करून बसलीस. त्या एका शब्दावर मी केवढा तर्क उभा केला होता. पण आत्या, ओबडधोबड जे आहे ते बहुतेक वेळा जुनं असतं, आणि गुळगुळीत केलेलं मागाहूनचं, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाला शिकवतात. मशीन पुसताना मधेच मुलगी होणं हे इतकं ओबडधोबड होतं की तेच खरं असणार हे मला सुचायला हवं होतं. परक्यांच्या ग्रंथात सुचतं, घरच्यात सुचलं नाही.

बाईंना सतरावं पान दाखवलं. त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. मग म्हणाल्या की हिब्रू ग्रंथातही पंधराएक जागी अक्षरांवर अशीच टिंबं आहेत. नकलून घेणाऱ्या कोणाला तरी तिथे शंका आली, पण खोडायचं धाडस झालं नाही, म्हणून त्याने टिंबं दिली असं पुष्कळ अभ्यासक मानतात. पुढच्या प्रत्येकाने शब्दही उतरवला आणि टिंबंही. त्यांची टिंबं शंकेची, आपल्या छापखान्यातली ती ठेवून घ्यायची. मला आपली जास्त आवडली. प्रकरण काल दिलं. 'निष्काळजी' हा शब्द सात ठिकाणी होता, सातही ठिकाणचा काढला. त्या माणसाला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या आणि एकही टाकवेना, असं आता तिथे आहे. ते सिद्ध करायला पुरावा लागेल असं बाईंनी समासात लिहिलं आहे. शोधीन.

भिंतीवर आता दोघांचंही आहे. काकांचे पांढरे पाय तिथेच राहिले, आणि शेजारी बाबांची यादी लावली. दोन नंबरच्या मशीनची वीज तोडली, पाणी गुडघ्याएवढे. ते वाचताना आता बाबांचा आवाज येतो. आधी मी ऐकतच नव्हते, आपल्या पसंतीचा आवाज शोधत होते. सुट्टी लागली की काकांकडे जाणार आहे. तू बरोबर चल. अठरा पायऱ्या आपण सावकाश चढू.

लाल शाईच्या पत्राचं मनातून काढून टाक. ज्या छापखान्यात तू चुका शोधायला शिकलीस त्याच छापखान्यात बाबा टिंबं द्यायला शिकले, आणि तेवढं त्यांना पुरलं. पानावर तीन ओळींत एकूण एकोणचाळीस टिंबं आहेत. शेवटच्या ओळीतली बोटाला लागतात.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की बाबांनी मला कधी एक ओळ लिहिली नाही. ते वाक्य मी खोडते आहे. तुझ्याकडचं पत्र काढ आणि तिथेही खोड, आणि त्याखाली टिंबं देऊ नकोस.

कळावे. तुझा लोभ मी कधी वगळला नाही आणि वगळणार नाही.

तुझी,
खारू